खिळ्यावरून पाठीवर

मी एक सदरा बोलतोय. पूर्ण बाह्यांचा, गडद निळा, छातीवर एक खिसा. तुम्ही म्हणाल, सदऱ्याला कसलं आलंय आत्मचरित्र! शिवला, घातला, फाटला, फडकं झाला, संपलं. तसं नाही हो. माझी ऐन उमेदीची वर्षं कुणाच्या अंगावर गेलीच नाहीत, ती एका खिळ्यावर लोंबकळत गेली. आणि त्या लोंबकळण्यामुळंच एका माणसाचा धंदा वाचला. मी फुशारकी मारतोय असं वाटेल तुम्हाला. थोडी मारतोही आहे. पण ऐकून तर घ्या.

मला शिवलं ते होड्यांवर टाकायची कापडी आच्छादनं शिवणाऱ्या एका बाईनं. सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. आच्छादनाच्या ताग्यातलं उरलेलं कापड तिनं बाजूला काढून ठेवलं होतं. घट्ट विणीचं, उजेडासमोर धरलं तरी पलीकडचं काही दिसू नये असं. खांद्यांवर तिनं दुहेरी शिलाई मारली, कारण मी ज्याच्यासाठी होतो तो दिवसभर खांद्यावरून फळ्या वाहायचा. शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बघू आता कसा दिसतोय माझा राजा." हे ती मला म्हणाली की नवऱ्याला, ते मी अजून ठरवलेलं नाही.

नवरा होड्या बांधतो. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. नदीकाठी त्याचा कारखाना आहे. मागं छप्पर, त्याखाली हत्यारं आणि फळ्या, पुढं उघडं अंगण आणि अंगणात ठोकळ्यांवर उभी असलेली अर्धी होडी. ती केव्हाही पाहा, अर्धीच असते. एक झाली की दुसरी उभी राहते.

पहिल्या दिवशी मिस्त्री मला घालून कारखान्यात आला तेव्हा काय तोरा होता त्याचा! खिडकीच्या काचेत स्वतःला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. स्टुलावर त्याचे वडील बसले होते. तेही जुने होडीवाले. ते म्हणाले, "लग्नाला निघालास की कामाला?" मिस्त्री हसला. मग त्यानं रेझिनचा डबा उघडला. रेझिन म्हणजे होडीच्या फटी बुजवायचा तो चिकट रस, एकदा वाळला की दगड. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि झटकन मला काढून दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवलं.

"हिनं एवढ्या हौसेनं शिवलाय," तो म्हणाला. "एक थेंब सांडला तर सात जन्मांत निघायचा नाही."

झालं! त्या दिवसापासून तेच नशीब. सकाळी मला घालून यायचं, खिळ्याला टांगायचं, दिवसभर उघड्या पाठीनं राबायचं आणि संध्याकाळी अंग धुऊन मला चढवून घरी जायचं. वहिनी मला उलटसुलट करून बघायची आणि खूश व्हायची. एक डाग नाही! माणूस किती निगुतीनं काम करतो! उकडलं की काढत असेल एखाद्या वेळी, एवढंच तिला वाटायचं. आणि मी? मला राग यायचा. प्रेमापोटी टांगलेला असलो तरी टांगलेलाच ना? समोर त्याची पाठ उन्हात तापत होती आणि तिच्यासाठी शिवलेला मी दारात वारा खात होतो. उन्हाची तिरीप माझ्या डाव्या बाहीवर तेवढी यायची. तीन उन्हाळ्यांत डावी बाही राखाडी झाली, उजवी होती तशी निळीच राहिली.

वडिलांना त्या उघड्या पाठीचं भारी कौतुक. "आमच्या पाठीनं जन्मभर ऊन खाल्लं, म्हणून कंबर ताठ आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आणि उठताना "आई गं" म्हणून कंबर धरायचे.

मग मिस्त्रीचे हात बिघडले.

आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग मनगटाभोवती पुरळ, मग भेगा. भेगांतून पाणी यायला लागलं. रंधा धरला की चेहरा वाकडा व्हायचा. खरं तर तो रबरी हातमोज्यांशिवाय रेझिनला हात लावत नसे, तरीही हे. वडिलांनी निदान करून टाकलं, "लाकूड कधी कुणाला चावत नाही. तुझं ते डब्यातलं चावतं."

मिस्त्रीलाही तीच धास्ती होती. कारण हल्ली रेझिनशिवाय होडी होत नाही. रेझिनचं वावडं म्हणजे धंद्याचंच वावडं. वहिनीच्या भावाचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. तो एकदा येऊन हात बघून गेला आणि प्रेमानं म्हणाला, "दाजी, या माझ्याकडे. सावलीतलं काम, खुर्चीवर बसून." मिस्त्री "बघू" म्हणाला. त्या रात्री तो धड जेवला नाही.

अखेर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. त्या दिवशी मला कडक इस्त्री! बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ज्या-ज्या गोष्टींना तुमचा हात लागतो, त्यातलं थोडं-थोडं छोट्या चौकोनी पट्ट्यांत घालून पाठीवर चिकटवू. लाकडाचा भुसा, रेझिन, व्हार्निश, मोज्यांतलं रबर, सगळं. दोन दिवसांनी पट्ट्या काढू. जे सोसत नसेल, त्याच्याखाली कातडी लाल होईल." मग विचारलं, "अलीकडे सुट्टीला कुठं गेला होतात का? समुद्रावर वगैरे, ऊन खात पडला होतात?"

"सुट्टी?" मिस्त्रीला हसूच आलं. "बाई, मला रविवारसुद्धा ठाऊक नाही."

उत्तर खरं होतं. मी त्याच्या अंगावर होतो, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, बिनडागाचा. बाईंना समोर एक नेटका, सदरा घालणारा माणूस दिसला. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अहो, सुट्टीचं काय विचारता, कामाचं विचारा! पण माझ्या नशिबी कॉलर आहे, तोंड नाही.

दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या. पाठ कोऱ्या पाटीसारखी. पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं, तरी काही नाही. "कशाचीच ॲलर्जी दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कामानं कातडी चिडलीय. हे मलम लावा आणि हात जपा. मोजे काढू नका."

रेझिन नाही! मिस्त्री घरी आला तो उड्या मारतच. आणि बाईंचा शब्द त्यानं असा पाळला की विचारू नका. रंधा मारताना मोजे, झाडताना मोजे, घरी भांडी घासताना मोजे. वहिनी म्हणाली, "आता जेवायलाही मोजेच घाला."

पण हात सुधारायचे सोडून बिघडतच गेले. पूर्वी बोटं चिरायची, आता तळवेही चिरायला लागले. एका नावाड्याची होडी अंगणात अर्धी उभी होती आणि तो बिचारा रोज येऊन ठोकळ्याशी बसायचा. एका दुपारी मिस्त्रीच्या हातून रंधा निसटून पायाशी पडला. त्यानं तो उचललाच नाही. माझ्याकडे आला, मला खिळ्यावरून काढलं आणि माझ्यात तोंड खुपसून रडला. मी त्याची आसवं पुसली. तेवढंच तर येतं मला. संध्याकाळी त्यानं मेहुण्याला निरोप धाडला, "ही होडी झाली की येतो."

वहिनीला ते मंजूर नव्हतं. "दुकानात बसलात तर चार दिवसांत माझ्या भावाला वेड लावाल," ती म्हणाली आणि मलमाच्या निमित्तानं त्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे ओढून घेऊन गेली.

बाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढं करूनही वाढतंय? हे गणित जुळत नाही." विचार करता करता त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. आधी डाव्या बाहीवर, मग उजव्या.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "उन्हाला तुमचा एकच हात दिसतो का?"

"कापडच भिकार निघालं हो!" वहिनी उसळली. "कापडवाल्याशी जाऊन चांगली भांडून आले मी. एकाच ताग्याचा रंग एकीकडे उडतो म्हणजे काय!"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "कापडाचा दोष नाही," तो पुटपुटला. "तो खिळ्यावर असतो. उन्हाकडे डावी बाजू येते."

"खिळ्यावर? केव्हा?"

"रोजच."

"आणि तुम्ही?"

"मी... उघडा."

वहिनीचा आ वासला. "तीन वर्षं? मी खपून शिवला तो दाराला घालायला? आणि त्या गरीब कापडवाल्याला मी काय काय बोलले!"

"डाग पडला असता," मिस्त्री म्हणाला. "तू शिवलेला."

 डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीला मला काढायला लावलं आणि पँट कमरेपाशी बोटभर खाली सरकवली. तिथं स्पष्ट रेघ होती. वर तांब्याची पाठ, खाली निराळाच माणूस.

"चूक माझी," बाई सरळ म्हणाल्या. "मी सुट्टीतल्या उन्हाचं विचारलं, कामातल्या उन्हाचं विचारलंच नाही. तो सगळा तपास फुकट गेला."

मग त्यांनी जे समजावून सांगितलं, ते मी खुर्चीच्या पाठीवर पडून कान देऊन ऐकलं. आपल्या कातडीत म्हणे पहारेकरी असतात. त्यांचं खरं नाव लँगरहान्स पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून ते कातडीच्या वरच्या थरात बसलेले असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्याला पकडायचं, शरीराच्या आतल्या ठाण्यावर न्यायचं आणि वर्दी द्यायची. शिपाई मग धावून येतात. ते आले की ती जागा लाल होते, खाजते. पट्ट्यांची सगळी तपासणी या पहारेकऱ्यांच्या भरवशावर चालते.

"पण उन्हात अतिनील किरण असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीत शिरतात," बाई म्हणाल्या. "त्यांचा मारा झाला की काही पहारेकरी मरतात, काही जागा सोडून निघून जातात, उरलेले पेंगतात. वरून शरीर अशा पेशी तयार करतं, ज्या शिपायांना सांगतात, जाऊ द्या, काही झालेलं नाही. तुमच्या पाठीवर मी चोराला उभं केलं, पण ओरडणारंच कुणी जागं नव्हतं."

"मग हातावर बरे जागे आहेत!" वहिनी म्हणाली.

"हात दिवसभर मोज्यांत. तिथं ऊन पोचतंच कुठं?"

मिस्त्रीनं हळूच विचारलं, "म्हणजे रेझिन असू शकतं?"

"असू शकतं. काहीही असू शकतं. आता नव्यानं बघायचं." मग त्यांचा आवाज जरा गंभीर झाला. "आणखी एक. कातडीतली एखादी पेशी बिघडून वाढायला लागली, तर तिची बोंब मारायचं कामही यांच्याकडेच असतं. एकीकडे ऊन पेशी बिघडवतं, दुसरीकडे पहारा झोपवतं. थांबा, पाठ नीट बघून घेते." त्यांनी भिंग घेऊन एकेक तीळ तपासला. वहिनीनं माझी बाही मुठीत गच्च आवळून धरली होती. "ठीक आहे सगळं," बाई म्हणाल्या, तेव्हा कुठं तिची मूठ सुटली.

हुकूम सुटला. दीड महिना पाठीला ऊन लागता कामा नये, तेवढ्यात पहारेकरी पुन्हा आपापल्या जागी येतील. रेझिनचं काम आणि रबरी मोजे दोन्ही बंद, हात लावायचा तो फक्त लाकडाला. आणि काम करताना सदरा. वहिनी म्हणाली, "त्याची काळजी नको. तो सदरा मीच अंगावर शिवून टाकते."

असा मी खिळ्यावरून पाठीवर आलो. पहिल्या दिवशी मिस्त्री घामानं निथळला आणि मीही. खांद्यावर फळी आली, तेव्हा ती दुहेरी शिलाई कशासाठी होती ते मला कळलं. रेझिनचा जुना डबा कोपऱ्यात सरकवताना त्यातला एक थेंब माझ्या पोटावर उडाला तर मिस्त्री हाय खाऊन उभाच राहिला. मी मात्र मनात म्हटलं, पडू दे रे बाबा, आज माझं बारसं झालं! वडील स्टुलावरून म्हणाले, "ऊन लागल्याशिवाय लाकूडसुद्धा वाळत नाही." मिस्त्री म्हणाला, "लाकूड वाळवायचंय, मला नाही." पुढच्या आठवड्यात वडीलही टोपी घालून बसलेले दिसले. वारा फार आहे, असं म्हणत होते.

हात सुधारायला लागले. भेगा मिटल्या, खाज गेली. पण गंमत बघा, हात बरे होत गेले तसा मिस्त्री उदास होत गेला. रेझिन आणि मोजे दोन्ही सुटले होते, मग यश कुणाचं म्हणायचं? त्याच्या मनानं रेझिनवरच बोट ठेवलं होतं. रात्री पाठ भिंतीकडे करून तो म्हणायचा, "रेझिन सोडलं आणि हात सुधारले. मिळालं उत्तर." वहिनी म्हणायची, "डॉक्टर तुम्ही की त्या?"

दीड महिन्यानं पुन्हा पट्ट्या चिकटवल्या. त्यांच्यावर मी. दोन दिवस अंघोळ नाही, वाकणं नाही. पहिल्या रात्री सगळं थंड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला जाणवलं, उजवीकडच्या रांगेत वरून तिसऱ्या चौकोनाखाली कातडी तापतेय. नक्की तापतेय! मिस्त्री खांदा उडवायला लागला. वहिनी ओरडली, "खाजवू नका!" पहारेकरी जागे झाले होते आणि ही बातमी जगात सर्वांत आधी मला कळली. पण त्या चौकोनात काय होतं ते मला कुठं ठाऊक! तो लाल ठिपका मिस्त्रीला कारखान्यात ठेवणार की मेहुण्याच्या दुकानात बसवणार? मी सुती काळजाचा, मला ते ओझं पेलवेना.

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या सोडवल्या. मिस्त्रीला स्वतःची पाठ दिसत नव्हती, म्हणून तो समोर वहिनीचं तोंड वाचत होता. वहिनीला लाल ठिपका दिसत होता, पण अर्थ कळत नव्हता, म्हणून ती बाईंचं तोंड वाचत होती. "घाई नको, दोन दिवसांनी पुन्हा बघते," बाई म्हणाल्या. 

पुन्हा गेले तेव्हा ठिपका विझला नव्हता. उलट चांगला फुगून आला होता.

"रबर," बाई म्हणाल्या. "रबर तयार करताना त्यात एक रसायन घालतात, त्याची ॲलर्जी. तुमचे हातमोजे."

"आणि रेझिन?"

"रेझिनची जागा स्वच्छ. या वेळी पहारा जागा आहे, त्यामुळं मी खात्रीनं सांगते. ते रसायन नसलेले मोजे मिळतात, नाव लिहून देते. ते घाला आणि खुशाल होड्या बांधा."

 मिस्त्रीनं एवढा मोठा श्वास सोडला की मी मांडीवरून घसरून खाली पडलो. "जपायला घातले, त्यांनीच खाल्लं की हो," वहिनी म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मिस्त्रीनं मला जमिनीवरून उचललं, झटकलं आणि गुंडी न लावताच अंगात घातलं. घरी येईपर्यंत दोघं रस्ताभर हसत होते. वाटेत वहिनी कापडवाल्याच्या दुकानात शिरली, त्याची माफी मागितली आणि त्याच विणीचं आणखी कापड घेतलं.

नावाड्याची होडी पाण्यात उतरली. त्यानंतर आणखीही कितीतरी उतरल्या. मेहुण्यानं दुकानातली रिकामी खुर्ची गिऱ्हाइकांसाठी ठेवली. मिस्त्रीचे हात आता बघण्यासारखे आहेत, म्हणजे होडीवाल्याचे हात जेवढे बघण्यासारखे असू शकतात तेवढे.

आणि मी? माझी उजवी बाही आता डावीइतकीच राखाडी आहे. पोटावर रेझिनचे डाग आहेत, कोपरावर ठिगळ आहे, खिसा एका खुंटीत अडकून गेला तो गेलाच. कॉलरच्या दशा निघाल्यात. विणही विरळ झाली. परवा वहिनीनं मला उजेडासमोर धरलं तर पलीकडे तिला नदी दिसली. "तुझं काम संपलं रे राजा," ती म्हणाली. आता मी कारखान्यातल्या टेबलावर असतो, हत्यारं पुसतो. बरं चाललंय. तेलकट आहे, पण लोंबकळत नाही.

आज सकाळी मिस्त्री नवा सदरा घालून आला. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, माझा धाकटा भाऊच म्हणा. मागोमाग जेवणाचा डबा घेऊन वहिनी आली. मिस्त्रीनं रेझिनचा डबा उघडला. डब्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं. टेबलावरून मी मनात ओरडलो, नको रे बाबा! आणि झालंच! त्याचा हात गुंड्यांकडे गेला, सदरा निघाला आणि जुन्या सवयीनं दाराच्या चौकटीकडे वळला. "आजचा दिवस राहू दे," तो पुटपुटला, "नवा आहे."

पण चौकटीत खिळा नव्हता. नुसतं भोक होतं. त्याचं बोट त्या भोकावर चाचपडत राहिलं.

वहिनीनं मूठ उघडली. तळहातावर तो गंजका खिळा होता. "कालच पकडीनं उपटला," ती म्हणाली. "घाला गुपचूप."

वडील टोपीखालून खो खो हसले. मिस्त्रीनं निमूटपणे सदरा घातला, अगदी गळ्यापर्यंत.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी मायेनं काही शिवून दिलं, तर ते जपून ठेवू नका, अंगावर घाला. डाग पडू द्या, रंग उडू द्या. सदरा दुसरा शिवता येतो. तुमची पाठ कोण शिवून देणार? येतो आता, करवत पुसायची राहिलीय.